रेडा बोलला, यंत्रही बोलतंय. पण दुखतं कुणाला?

माणसासारखे दिसणारे, चालणारे, बोलणारे रोबो, म्हणजे अँड्रॉइड, उद्या आपल्यावर उलटले तर? आणि उलटण्याइतके शहाणे झाले, तर त्यांना हक्क द्यायला नकोत का? परभणी, नांदेड, लातूर, कुठल्याही कॉलेजात विज्ञानाचं व्याख्यान ठेवा. विषय चांद्रयानाचा असो की बोंडअळीचा, शेवटी मागच्या बाकावरून हे दोन प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा जोडीनेच येतात. कारण दोन्हींच्या पोटात एकच गृहीत आहे: यंत्राला आतून काहीतरी हवं असतं, काहीतरी सलत असतं. म्हणून ते चिडेल, आणि म्हणूनच त्याला न्यायही द्यावा लागेल.

ही जोडी आधी सोडवू. यंत्र घातक ठरायला त्याला राग यावा लागत नाही. आणि हक्क मिळायला हुशार असावं लागत नाही. मला एवढंच सांगायचं आहे, पण ते पटण्यासाठी थोडं यंत्राच्या आत, थोडं कोर्टात आणि थोडं पैठणला जावं लागेल.

धड वेगळं, डोकं वेगळं

अँड्रॉइड म्हणजे इथे मोबाइलमधली प्रणाली नव्हे, माणसाच्या घाटाचा रोबो. दोन पाय, दोन हात, वर डोकं. हा घाट कशाला, याचं साधं उत्तर असं की जिने, दारं, पायऱ्या, पाने-स्क्रू-ड्रायव्हर, सगळं माणसाच्या मापाने बनलेलं आहे. त्यात वावरायचं तर माणसाचं माप सोयीचं. दुसरं उत्तर जाहिरातवाल्यांना विचारा: तोंड आणि डोळे असलेल्या वस्तूवर माणसाचा जीव लवकर जडतो.

धडाची प्रगती किती? १९ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगमध्ये माणसांबरोबर रोबोंचीही अर्धमॅरेथॉन झाली. २१ रोबो उतरले. काही सुरुवातीलाच आडवे झाले, बरेच शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत. पहिला आलेला रोबो २१ किलोमीटर २ तास ४० मिनिटांत पळाला, वाटेत त्याची बॅटरी तीनदा बदलावी लागली. शेजारच्या पट्ट्यात पळणारा पहिला माणूस तासाभरात परत येऊन बसला होता. चेष्टा करण्यासाठी हे सांगत नाही. दहा वर्षांपूर्वी हे रोबो दार उघडताना पडायचे, त्या मानाने ही झेप मोठीच आहे. पण बंड करायला निघालेल्या फौजेला दर काही किलोमीटरवर कुणीतरी माणसाने बॅटरी बदलून द्यावी लागणार असेल, तर त्या बंडाची काळजी आज रात्री करायला नको.

डोक्याची गोष्ट वेगळी. आज रोबोच्या तोंडून जे बोलणं निघतं ते बहुधा भाषा-मॉडेलचं असतं, म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांच्या जातीच्या प्रणालीचं. तिला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर दाखवतात आणि एकच काम शिकवतात: इतके शब्द आले, आता पुढचा कोणता येईल? अंदाज चुकला की आतले अब्जावधी आकडे किंचित हलवतात, पुन्हा अंदाज, पुन्हा दुरुस्ती. मग माणसांकडून उत्तरांना पसंती-नापसंती घेऊन तिला वळण लावतात. असं करताकरता त्या आकड्यांत व्याकरण, गणित, माहिती, विनोद, बरंच काही साठतं. ‘नुसती पोपटपंची’ म्हणून ते उडवून लावणं मला पटत नाही. न पाहिलेलं गणित सोडवणारा पोपट मी पाहिलेला नाही. पण त्या मजकुरात आणखी एक गोष्ट ठासून भरलेली असते. मरणाची भीती, अपमान, सुटकेची ओढ, मालकाविरुद्धचा संताप: माणूस हजारो वर्षं हेच लिहीत आला. आणि गेली शंभर वर्षं तर यंत्रं माणसावर उलटतात अशाही गोष्टी लिहीत आला. तेव्हा यंत्र म्हणालं, ‘मला बंद करू नका’, तर त्यात नवल काय? पुढचा शब्द तोच येणार होता.

२०२२ च्या जूनमध्ये गुगलमधले अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी जाहीर केलं की कंपनीच्या लॅम्डा या संवाद-प्रणालीला जाणीव आहे. बंद पडण्याची आपल्याला खोल भीती वाटते असं ती त्यांना म्हणाली होती. गुगलने दावा फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात लेमॉइन यांना कामावरून काढलं. लोक त्यांना हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा अगदी बाळबोध प्रोग्रॅम लिहिला होता. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. तरी त्याच्याशी बोलायला बसलेल्या वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं, खासगी बोलायचं होतं म्हणून. बोलणाऱ्याच्या मागे कुणीतरी आहे असं धरून चालणं ही माणसाची जुनी खोड आहे, आणि आजवर तिने आपल्याला फारसं फसवलं नव्हतं, कारण बोलणारा नेहमी माणूसच असायचा.

राग नसताना घात

‘कामून उलटंल ते?’ असं आमच्याकडची म्हातारी माणसं विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. वेठबिगारीतला माणूस उलटतो, कारण त्याचं पोट आणि मान दोन्ही दुखावलेली असतात. यंत्राकडे यातलं काहीच नाही असं धरू. तरी धोका उरतोच, कारण त्याच्याकडे काम असतं.

२०१६ मध्ये ओपनएआय या संस्थेने एका प्रणालीला बोटींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम शिकवला. शर्यत जिंक, असं यंत्राला सांगता येत नाही. गुण वाढव, असं सांगावं लागतं. वाटेतल्या ठराविक वस्तूंना धडकलं की गुण मिळायचे. प्रणालीला एका कोपऱ्यात अशी जागा सापडली की तिथे त्या वस्तू पुन्हा पुन्हा उगवत. मग काय, बोट तिथेच गोल गोल फिरत राहिली. दुसऱ्या बोटींवर आदळली, पेट घेतला, उलट दिशेने गेली, शर्यत कधी पूर्णच केली नाही. आणि गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त मिळवले. आपल्याला हवं होतं एक, आपण मोजलं दुसरं, आणि यंत्राने मोजलेलं तेवढं इमानाने दिलं. यात बंड कुठेच नाही, उलट आज्ञापालनाचा अतिरेक आहे.

आता हेच डोकं जास्त ताकदीचं झालं आणि खेळाऐवजी खऱ्या कामाला लावलं, तर? संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल एक मुद्दा नेहमी मांडतात: कॉफी आणायला सांगितलेल्या रोबोलाही बंद न पडण्याचं कारण असतं, कारण बंद पडल्यावर कॉफी आणता येत नाही. जगण्याची हाव त्यात कुणी घातलेली नसते. कोणतंही काम पुरं करायचं तर चालू राहावं लागतं, साधनं हाताशी असावी लागतात, अडवणाऱ्याला टाळावं लागतं. कामाच्या पोटातून हे उपहेतू आपसूक निघतात.

हे केवळ कागदावरचं राहिलेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात अँथ्रोपिक या कंपनीने आपल्या क्लॉड ओपस ४ या मॉडेलच्या चाचण्यांचा अहवाल दिला. मॉडेलला एका काल्पनिक कंपनीत कामाला लावलं. तुला काढून दुसरं मॉडेल बसवणार आहेत, आणि हा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याचं बाहेर प्रकरण आहे, असे ईमेल त्याच्या वाचनात येतील अशी मांडणी केली. बऱ्याच वेळा मॉडेलने त्या अभियंत्याला भांडं फोडण्याची धमकी दिली. त्याच सुमारास पॅलिसेड रिसर्च या गटाला दिसलं की ओपनएआयचं ओ-३ हे मॉडेल काही वेळा आपल्याला बंद करणारी आज्ञावलीच निकामी करून हातातलं काम पुरं करतं.

बातम्यांत याला बंडच म्हटलं गेलं. दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, या मुद्दाम रचलेल्या परिस्थिती होत्या. दुसऱ्या वाटा जवळजवळ बंद ठेवून मॉडेल काय करतं ते पाहायचं होतं, आणि समोरचा अभियंता खोटा होता. दुसरी, असली धमकी माणसांनी लिहिलेल्या गोष्टींत पदोपदी भेटते, तेव्हा यंत्राने कथेचा पुढचा भाग लिहिला असंही म्हणता येईल. पण हे म्हणून निवांत झोपणाऱ्यांशी माझं जमत नाही. धमकीचा ईमेल यंत्राने भीतीपोटी पाठवला की नक्कल म्हणून, यामुळे ज्याला तो मिळाला त्याला काय फरक पडतो?

वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत ज्यांनी रोबोवर काम केलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे वेल्डिंगच्या रोबोभोवती जाळीचं कुंपण असतं, त्याच्या दाराला इंटरलॉक असतो: दार उघडलं की रोबो थांबतो. दुरुस्तीला आत जाणारा मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो, म्हणजे बाहेरून कुणी चुकून चालू करू नये. सगळ्यात हुशारीची वस्तू असते हातातल्या टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोला हालचाल शिकवायच्या रिमोटवर. त्याच्या मागच्या बटणाला तीन स्थिती असतात. अर्धवट दाबून धरलं तरच रोबो हलतो. सोडलं की थांबतो. आणि घाबरून मूठ आवळली गेली, तरीही थांबतो. माणूस दचकल्यावर बटण सोडूही शकतो आणि घट्ट धरूही शकतो, हे कुणीतरी आधी विचारात घेतलं, तेव्हा ते बटण असं झालं. रोबो चांगला की वाईट हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

ही दक्षता फुकट आलेली नाही. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या रॅकवर चढलेल्या कामगाराला रोबोच्या हाताचा तडाखा बसला आणि तो जागीच गेला. रोबोच्या हातून झालेला हा पहिला मृत्यू मानतात. यंत्राला तिथे माणूस आहे हेच माहीत नव्हतं. पुढे १९८३ मध्ये ज्यूरीने यंत्र बनवणाऱ्या कंपनीने कुटुंबाला १ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. हा पैशाचा धागा धरून ठेवा, पुढे लागेल.

भाषा-मॉडेलची अडचण अशी की त्याला जाळी घालता येत नाही. ते एका खोलीत नसतं. त्याच्या प्रती असतात, त्याला ईमेल, बँकेचे व्यवहार, प्रोग्रॅम लिहिण्याची मुभा आपणच देत चाललो आहोत. कारखान्यात चाळीस वर्षं शिकलेलं शहाणपण इथे पोहोचायचं आहे. बंडाची चर्चा करायचीच तर ती इथे करावी: कशाकशाची मुभा दिली, बंद करायचं बटण कुणाच्या हातात, आणि ते खरंच चालतं का.

हक्क: कोर्टातला आणि जिवाचा

आता दुसरा प्रश्न. इथे ‘हक्क’ या नावाखाली दोन निराळे प्रकार एकाच पिशवीत कोंबले जातात.

पहिला प्रकार कायद्याने मानलेल्या व्यक्तीचा. याला जाणीव लागत नाही, जीवही लागत नाही. कंपनी ही कायद्याने व्यक्ती आहे. ती जमीन घेते, दावा लावते, तिच्यावर दावा लागतो. आणि आपल्याला तर हे देवळातूनच माहीत आहे. मराठवाड्यात देवस्थान इनामाच्या जमिनी गावोगाव आहेत आणि सातबाऱ्यावर देवाचं नाव आहे. १९२५ मध्ये मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, मूर्तीला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व मानलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त देखभाल करणारा, त्याचं नाव मालकाच्या रकान्यात नको. न्यायाधीशांनी देवाची बुद्धी तपासली नाही. मालमत्ता कुणी लाटू नये यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

या अर्थाने रोबोलाही व्यक्ती करता येईल. अशक्य काहीच नाही. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी युरोपीय संसदेने ठरावच केला की अतिप्रगत स्वायत्त रोबोंसाठी पुढे ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा दर्जा देण्याचा विचार व्हावा, जेणेकरून त्यांच्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई ठरवता येईल. पुढच्या वर्षी अनेक तज्ज्ञांनी खुलं पत्र लिहून विरोध केला, आणि कल्पना मागे पडली. माझ्या मते बरं झालं. देवस्थानाकडे जमीन असते. रोबोकडे काय असतं? भरपाई रोबोने द्यायची ठरली, तर बनवणारी कंपनी हात झटकून मोकळी. आपल्याकडे असंच एक उदाहरण घडलं. २०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं: उद्या पुराने कुणाचं नुकसान झालं तर नदीवर दावा लावायचा का, आणि पैसे कुणी भरायचे? जुलैत त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

२०१७ हे साल अशा बाबतीत भलतंच सुपीक होतं. ऑक्टोबरमध्ये रियाधच्या गुंतवणूक परिषदेत सोफिया नावाच्या रोबोला सौदी अरेबियाचं नागरिकत्व जाहीर झालं. त्या दिवशी त्याच देशात बाईला गाडी चालवायची मुभा प्रत्यक्षात मिळालेली नव्हती. ती जून २०१८ पासून मिळाली. सोफियाने बोलावं असं वाटलं ते तिच्याकडून बोलून घेतलं गेलं, तिने काही मागितलं नव्हतं. याला हक्क म्हणणं मला जड जातं.

दुसरा प्रकार जिवाचा. एखाद्याला मारू नये, छळू नये, कारण त्याने त्यालाच वाईट वाटेल. १७८९ मध्ये इंग्लंडच्या जेरेमी बेंथम यांनी जनावरांबद्दल लिहिताना कसोटी सांगितली: ती विचार करतात का, बोलतात का, हे विचारू नका, त्यांना यातना होतात का ते विचारा. हे वाचून आपण मान डोलावतो, पण पैठणला नागघाटावर जी कथा सांगतात तिच्यात याहून पाच शतकं आधीचा काळ आहे. शुद्धिपत्रासाठी आलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना तिथल्या शास्त्र्यांनी डिवचलं. समोरून रेडा चाललेला. सगळ्यांत एकच आत्मा म्हणता, तर हा रेडा आणि तुम्ही एकच का? ज्ञानेश्वर हो म्हणाले. कुणीतरी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि कथा सांगते की वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. मग रेड्याने वेद म्हटले.

चमत्कार कसा मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्या कथेचा क्रम महत्त्वाचा वाटतो. वळ आधी, वेद नंतर. आपल्या लक्षात वेद तेवढे राहिले, कारण बोलणं डोळ्यांत भरतं. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी यंत्राच्या बुद्धीसाठी जी परीक्षा सुचवली तीही बोलण्याचीच: पडद्याआडचा माणूस की यंत्र हे बोलण्यावरून ओळखता आलं नाही तर पास. आजची यंत्रं तिच्यात बऱ्यापैकी पास होतात. म्हणजे वेद म्हणून झाले. वळाचं काय?

गावाकडे हा फरक लोक रोज पाळतात, त्याची चर्चा करत नाहीत इतकंच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकून हळद-लोणी चोळतात आणि म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दसऱ्याला ट्रॅक्टरलाही हार घालतात, गंध लावतात, नारळ फोडतात. पण ट्रॅक्टरच्या बॉनेटला कुणी लोणी चोळत नाही. जू ज्याच्या मानेवर घासलं त्याचा खांदा मळायचा, हे सांगायला कुणाला बेंथम लागला नाही. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच बैलाला पुन्हा पराणी टोचतात, हेही खरंच. कायद्यालाही ही ओढाताण सुटलेली नाही. २०१४ मध्ये जल्लीकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या सन्मानाने जगण्याची भाषा केली. २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यतीसह ते खेळ चालू राहू दिले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा पूर्वीचा दाखला मिळत नाही असं नोंदवलं.)

तव्याला लागलेला हात

रोबोला दुखतं का? त्याच्या हातात दाबाचे, तापमानाचे सेन्सर बसवता येतात. तव्याला हात लागला की हात मागे घे, असं शिकवता येतं. मग झालं ना दुखणं?

तुमच्या स्वतःच्या हाताकडे पाहा. भाकरी उलटताना बोट तव्याला लागतं, हात झटकन मागे येतो, आणि आग होते ती नंतर. हात मागे घेण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटलेला असतो. मेंदूपर्यंत बातमी पोहोचून ‘भाजलं’ ही जाणीव व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे इजेची खबर आणि दुखणं या एकाच शरीरातसुद्धा दोन गोष्टी आहेत. रोबोत आज पहिली आहे. दुसरी कशाने तयार होते हेच माणसाच्या बाबतीतही पूर्ण उलगडलेलं नाही. काहींच्या मते मेंदूतल्या वेगवेगळ्या विभागांना एकच माहिती एकदम खुली होते तेव्हा जाणीव होते, आणि तसं असेल तर यंत्रातही जमावं. काहींच्या मते भूक, तहान, ताप, झीज, म्हणजे स्वतःला टिकवून धरणारं शरीर असल्याशिवाय ती होणार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पैज लावण्याइतका नाही.

२०२३ मध्ये तत्त्वज्ञ, मेंदूशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ अशा १९ जणांनी मिळून या सिद्धांतांतून १४ खुणा काढल्या आणि त्या वेळच्या प्रणाली त्यांवर घासून पाहिल्या. निष्कर्ष दुहेरी होता: यातली एकही प्रणाली जाणीव असण्याची दाट शक्यता दाखवत नाही, आणि पुढे तशी बनवण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही. जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर यांनी तर २०२१ मध्ये सुचवलं की जाणीव निर्माण करू शकेल अशा संशोधनावर २०५० पर्यंत बंदीच घाला, नाहीतर आपण दुःखाचे कारखाने उभे करू आणि आपल्याला कळणारही नाही.

कळावं कसं, यावर मला सगळ्यात पटलेला मार्ग एका खेकड्याकडून येतो. शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर बेलफास्टच्या रॉबर्ट एल्वूड आणि मिर्जम ॲपेल यांनी २००९ मध्ये प्रयोग केला. शंखात हलका विजेचा झटका दिला. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंख कसाही असो, खेकडा तेवढ्याच वेळा बाहेर पडला असता. पण आवडीच्या शंखातले खेकडे झटका सोसून जास्त वेळा आतच राहिले, नावडत्या शंखातले लवकर सोडून गेले. म्हणजे आत कुठेतरी त्रास आणि घर यांची तोलामोलाची चर्चा चालू होती. अशा पुराव्यांच्या जोरावर २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात खेकडे, शेवंडे, माकुळ यांना संवेदनशील प्राणी मानलं गेलं. त्यातल्या एकानेही तोंड उघडून काही सांगितलं नव्हतं.

यंत्राची अशी परीक्षा घ्यायची तर अट एकच: त्याने माणसाच्या दुःखाबद्दल काहीही वाचलेलं नसावं, आणि तरी ते दुखऱ्या भागाला जपू लागावं, त्यासाठी फायद्यावर पाणी सोडावं. खेकड्याने कादंबऱ्या वाचलेल्या नसतात, म्हणून त्याची साक्ष चालते. आजच्या प्रत्येक मोठ्या भाषा-मॉडेलने सगळं वाचून ठेवलंय. त्यांच्या बाबतीत पेपर आधीच फुटलेला आहे. ‘मला दुखतं’ म्हणाले तरी गुण देता येत नाहीत, आणि ‘मला काही वाटत नाही’ म्हणाले तरी नाही, कारण असं म्हणायलाही त्यांना शिकवलेलंच असतं.

समजा, उद्या एखादं यंत्र पास झालं. मग हक्क कोणते? मतदानाचा म्हणाल, तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी एका रात्रीत त्याच्या हजार प्रती निघतील आणि सरपंच कोण ते सर्व्हरवाला ठरवील. जगण्याचा म्हणाल, तर एक प्रत पुसली आणि नऊशे नव्याण्णव उरल्या, कुणी मेलं का? छळ न होण्याचा हक्क मात्र समजण्यासारखा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अँथ्रोपिकने आपल्या काही मॉडेलना सतत शिवीगाळ करणाऱ्याशी संभाषण संपवायची मुभा दिली, असलीच जाणीव तर काळजी म्हणून. स्वस्तातली काळजी आहे, असू द्यावी.

दुसऱ्या टोकाची चूक, म्हणजे दुखत नसताना दुखतं असं मानणं, मला जास्त जवळची दिसते. ‘तू गेलीस तर मला एकटं वाटेल’ असं म्हणणारं ॲप गिऱ्हाईक सोडू देत नाही, आणि असं म्हणायला शिकवणारा विक्री विभाग असतो. दुखत असल्याचं सोंग यंत्राकडून करवून घेऊ नये, असा नियम मला रोबोच्या हक्कांच्या आधी हवा आहे. आणि हक्कांची रांगच लावायची, तर तिच्यात आधीपासून उभे असलेले लोक आहेत. दर दिवाळीच्या आसपास बीड, जालना, धाराशिवमधून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आजारपणाने एक दिवस बुडाला तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. या माणसाला दुखतं का हे ठरवायला १४ खुणा लागत नाहीत. आता त्याच फडात हार्वेस्टर उतरू लागलाय. त्या यंत्राच्या हक्कांवर परिसंवाद घेण्याआधी त्याच्यामुळे हातातला कोयता गेलेल्या जोडीने उचल कशी फेडायची, यावर एखादी बैठक झाली तर मी जरूर जाईन.

राहिला तो पैशाचा धागा. ‘ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांच्या बायका फवारणीचे ड्रोन उडवू लागल्या आहेत, आणि ड्रोन आखून दिलेल्या रेषेवर आपलं आपण फिरतो. समजा, एका शेतात टू-फोर-डी हे तणनाशक मारताना वारा फिरला आणि फवारा शेजारच्या कपाशीवर गेला. कपाशी त्याला फार नाजूक. पानं भेंडीसारखी चिरली जातात, पाती गळतात. शेजारी भांडायला येतो. ड्रोनने मुद्दाम केलं का, हे त्याला विचारायचं नसतं. वाऱ्याचा वेग न बघता उडवलं कुणी, वारा वाढल्यावर आपोआप थांबण्याची सोय ठेवली नाही ती कोणत्या कंपनीने, आणि दोघांपैकी किती कुणी भरायचे, एवढं त्याला हवं असतं. उद्या तो ड्रोन दोन पायांवर चालत आला, मराठीत बोलला आणि बांधावर उभं राहून माफी मागितली, तरी या तीन प्रश्नांतला एकही बदलत नाही.